विपश्यनेला पहिल्यांदा जाताय? 'लोक असे का वागतात' हा राग डोक्यातून जात नसेल तर हे वाचून जा

आधीच सांगतो, मी काही शांत वगैरे माणूस नाही. डोंबिवली ते सीएसएमटी फास्ट लोकल, वीस वर्षं झाली, आणि या वीस वर्षांत मनातल्या मनात जेवढ्या लोकांना मी शिक्षा सुनावल्यात तेवढ्या एखाद्या सेशन कोर्टानेही सुनावल्या नसतील. पाठीवर बॅग घेऊन दारात अडणारा, स्पीकरवर रील लावणारा, चौथ्या सीटवर टेकून वर आपल्याकडेच रागाने बघणारा, सोसायटीत बरोब्बर माझ्या पार्किंगसमोर ॲक्टिव्हा लावणारे दुसऱ्या मजल्यावरचे काका. बायको एकदा म्हणाली, "अरे, तू घरात शिरलास की पहिली पंधरा मिनिटं नुसती लोकांची उणीदुणी चालू असतात, चप्पल तरी काढ आधी." ते लागलं.

मग एका मित्राच्या नादाने इगतपुरीला धम्मगिरीवर दहा दिवसांचं विपश्यना शिबिर, म्हणजे मौनात राहून ध्यान शिकायचं शिबिर, केलं, त्याला आता चार वर्षं झाली. मधे अजून एक झालं. झोप, बीपी, स्ट्रेस, फोकस यासाठी ध्यान कसं करावं हे सांगणारे ढिगाने सापडतील, पण दुसऱ्या माणसाकडे बघताना डोक्यात जो न्यायाधीश बसलेला असतो त्याचं काय करायचं हे मला जाण्याआधी कुणी नीट सांगितलं नव्हतं. त्यामुळे मी भलतीच अपेक्षा घेऊन गेलो आणि निम्मं शिबिर गोंधळातच गेलं. तुमचं तसं होऊ नये म्हणून हे लिहितोय.

1. कशासाठी जाताय ते आधी स्वतःशी ठरवा

ही शिबिरं सुरू करणारे सत्यनारायण गोयंका (जन्म 1924, मंडाले, म्हणजे तेव्हाचा ब्रह्मदेश) हे मोठे व्यापारी, त्यांना भयंकर मायग्रेन होतं. त्यासाठी ते ऊ बा खिन यांच्याकडे गेले, हे ऊ बा खिन सरकारी हिशेब खात्यातले बडे अधिकारी आणि ध्यानाचे आचार्य. त्यांनी सांगितलं की डोकेदुखी घालवायला येणार असाल तर येऊ नका, मन साफ करायला येणार असाल तर या. पुढे 1969 मध्ये गोयंका भारतात आले, पहिलं शिबिर मुंबईत घेतलं, आणि 1976 पासून इगतपुरीला शिबिरं सुरू झाली. तेव्हा राग घालवायला जाताय असं म्हणून जाऊ नका. राग येतो कसा ते बघायला जा, घालवण्याचं नंतर बघू.

अजून एक, शब्दांचा घोळ. मैत्री, करुणा, मुदिता (दुसऱ्याच्या सुखात आनंद), उपेक्षा हे चार शब्द तिथे कानावर पडतील. आपल्या रोजच्या मराठीत उपेक्षा म्हणजे सरळ दुर्लक्ष, 'उपेक्षित' म्हणजे ज्याला कुणी विचारत नाही असा. पाली भाषेतली उपेक्खा तशी नाही, समोर जे आहे ते पूर्ण बघायचं पण तराजू इकडे तिकडे झुकू द्यायचा नाही. तसंच करुणा म्हणजे कीव नाही. कीव करताना आपण वरच्या पायरीवर उभे असतो. मला हा फरक कळायला दोन शिबिरं लागली.

2. रजा, फॉर्म, कागदपत्रं

इथे सगळ्यात जास्त लोक फसतात. 'दहा दिवसांचं शिबिर' असतं पण रजा बारा दिवसांची टाका. शून्याव्या दिवशी दुपारी पोचायचं असतं आणि सुटका अकराव्या दिवशी सकाळी सातच्या सुमारास होते. मी दहाच दिवस टाकली होती, आयत्या वेळी मॅनेजरच्या हातापाया पडून दोन दिवस वाढवून घेतले आणि शिबिराआधीच डोकं तापवून घेतलं. राज्य सरकारच्या नोकरीत असाल तर विपश्यनेसाठी रजेचा शासन निर्णय आहे, आस्थापनेच्या टेबलावर विचारून बघा.

फॉर्म ऑनलाईन, धम्मा डॉट ओआरजी वर. महाराष्ट्रात केंद्रं भरपूर आहेत, इगतपुरीलाच जायला पाहिजे असं नाही. पुण्यात आहे, आळंदीजवळ मरकळला आहे, नाशिक, नागपूर, कोल्हापूर, धुळे, टिटवाळा. सगळीकडे शिकवणं तेच, गोयंकांच्या आवाजातला ऑडिओ पण तोच. मे महिना आणि दिवाळीच्या तारखा लवकर भरतात.

फॉर्ममध्ये आजारपण, मानसिक आजार, चालू गोळ्या, प्रेग्नन्सी, आधी केलेल्या साधना हे सगळं विचारतात. खरं लिहा. 'लिहिलं तर नाकारतील' म्हणून डिप्रेशनची गोळी लपवणारे मला माहीत आहेत. दिवसाला दहा तास डोळे मिटून बसणं हे गंमत नाही, ज्याचं मन आधीच नाजूक अवस्थेत आहे त्याला त्रास होऊ शकतो. घरात नुकतंच कुणी गेलं असेल किंवा उपचार चालू असतील तर आधी आपल्या डॉक्टरांशी बोला, शिबिर पुढच्या वर्षी पण आहे.

कन्फर्मेशनचा मेल आला की काम संपलं असं समजू नका, त्याला उत्तर मागितलं असेल तर द्यायचं असतं. आणि जमणार नसेल तर रद्द करा बाबांनो, तुमच्या मागे वेटिंगवर माणूस बसलेला असतो. दुसऱ्याबद्दल करुणा वगैरे शिकायचीय ना, मग ती इथून सुरू करा.

सोबत ठेवायचं: कन्फर्मेशनचा प्रिंट, आधार कार्ड आणि त्याची झेरॉक्स, दोन पासपोर्ट साईज फोटो, गोळ्या असतील तर प्रिस्क्रिप्शनसकट. घरच्यांकडे केंद्राच्या ऑफिसचा नंबर लिहून द्या कारण तुमचा मोबाईल जमा होणार. फी नाही, राहणं-खाणं सगळं आधीच्या साधकांच्या दानातून चालतं. शिबिर पूर्ण झाल्यावर तुम्हाला द्यायचं असेल तर द्या, आधी कुणी घेत नाही.

3. बॅगेत काय

सैल सुती कपडे, शाल, छत्री, टॉर्च, साधं अलार्मचं घड्याळ, कुलूप, स्लीपर, ओडोमॉस. शॉर्ट्स, स्लीव्हलेस, घट्ट कपडे नकोत, अत्तर-डिओ नको, पुस्तक-वही-पेन-जपमाळ नको, गंडेदोरे असतील तर घरीच ठेवा. पावसाळ्यात जाणार असाल तर इगतपुरीचा पाऊस म्हणजे काय ते कसारा घाट चढताना कळेलच, अंतर्वस्त्रं जास्तीची घ्या, वाळत नाहीत.

आणि चुरचुर आवाज करणारं विंडचीटर नेऊ नका. हे वेगळं का सांगतोय ते पुढे कळेल.

आमच्या बाजूने जाणाऱ्यांनी कसारा लोकल पकडावी, तिथून शेअर जीप. किंवा नाशिककडे जाणाऱ्या ज्या एक्सप्रेस इगतपुरीला थांबतात त्यातली एखादी. स्टेशनवरून धम्मगिरी जवळच आहे, रिक्षावाल्याला 'विपश्यना' एवढंच म्हणायचं.

4. पहिले साडेतीन दिवस: श्वास आणि शेजारचा माणूस

पहाटे चारला घंटा, साडेचारला हॉल, रात्री साडेनऊला दिवे बंद. अकराला जेवण, संध्याकाळी पाचला नव्या लोकांना चुरमुरे, फळ आणि चहा, रात्रीचं जेवण नाही. शून्याव्या रात्रीपासून आर्यमौन, म्हणजे बोलणं नाही, खाणाखुणा नाहीत, नजरानजर पण नाही. पहिले साडेतीन दिवस फक्त आनापान. नाकपुडीशी येणारा-जाणारा श्वास बघायचा, बास.

ऐकायला सोपं आहे. पण मौनात काय होतं, की बोलणं बंद झालं तरी मनातली कॉमेंट्री बंद होत नाही, उलट व्हॉल्यूम वाढतो, आणि तिला खायला काहीतरी लागतं. मला खायला मिळाले माझ्या डाव्या हाताला बसलेले साठीचे गृहस्थ. दर तीन-चार मिनिटांनी घसा खाकरायचे. साधं नाही, आधी एक बारीक सुरुवात, मग थोडा विराम, आणि मग मोठ्ठं. मी त्या विरामाची वाट बघायला लागलो होतो. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत मी त्यांचं नाव 'घसा' ठेवलं, तिसऱ्या दिवशी त्यांची अख्खी फाईल तयार होती: रिटायर्ड सरकारी अधिकारी असणार, हाताखालच्यांना छळलं असणार, घरात कुणी उलट बोलायची टाप नसणार, नाश्त्याला पोह्याची ताटली बघा कशी भरून घेतात, दुसऱ्यांचा विचार नाहीच. एक शब्द बोललो नव्हतो हो मी त्यांच्याशी! नाव माहीत नव्हतं, आवाज माहीत नव्हता (घशाचा सोडून), आणि निकालपत्र मात्र सहीशिक्क्यानिशी तयार.

दुपारी सहायक आचार्यांना प्रश्न विचारायची वेळ असते. मी जाऊन सांगितलं की शेजारच्यांच्या खाकरण्यामुळे लक्ष लागत नाही. ते म्हणाले, "हं. श्वासावर या." एवढंच. मला त्यांचाही राग आला.

इथे काय करायचं ते सांगतो, म्हणजे माझ्यासारखे तीन दिवस वाया जाणार नाहीत. कॉमेंट्री थांबवायचा प्रयत्न करू नका, ती थांबत नाही. फक्त ती चालू झाली हे लक्षात आलं की परत नाकाशी या. दिवसातून दोनशे वेळा जावं लागलं तर दोनशे वेळा या. आणि 'शी, मी किती वाईट माणूस आहे, लोकांबद्दल असले विचार करतो' हे पण एक निकालपत्रच आहे, फक्त आरोपी बदलला. तिथूनही परत नाकाशी.

दुसरा आणि सहावा दिवस बऱ्याच लोकांना जड जातो, पळून जावंसं वाटतं. बॅग भरायची असेल तर भरा, मीही एकदा भरली होती, पण रात्रीचं प्रवचन ऐकून मग ठरवा.

5. चौथ्या दिवसापासून: राग अंगात कुठे बसलाय

चौथ्या दुपारी विपश्यना देतात. आता डोक्यापासून पायापर्यंत एकेका भागात काय जाणवतंय ते बघत जायचं: खाज, गरमी, जडपणा, मुंग्या, दुखणं, काहीच नाही. जे असेल ते. त्याला चांगलं-वाईट म्हणायचं नाही, ते टिकत नाही एवढं बघायचं. दिवसातल्या तीन सामूहिक बैठकींना अधिष्ठान असतं, तासभर हात-पाय न हलवता, डोळे न उघडता बसायचं. याची कॉम्पिटिशन करू नका, गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं असेल तर सरळ सांगून खुर्ची घ्या.

मला जे हवं होतं ते इथे सापडलं, तेव्हा जरा सावकाश सांगतो. प्रवचनात मनाचे चार हिस्से सांगतात, विज्ञान, संज्ञा, वेदना, संस्कार. हे ऐकताना मला शाळेतल्या विज्ञानाच्या तासासारखी झोप येत होती. पण सहाव्या दिवशी सकाळच्या बैठकीत 'घसा' खाकरले आणि पहिल्यांदा मला ती साखळी तुटक तुटक दिसली. आवाज कानावर आला, हे विज्ञान. 'हा तोच, अडाणी' असा शिक्का बसला, ही संज्ञा. लगेच छातीच्या मधोमध एक गरम पट्टा आला, कान तापले, जबडा आवळला गेला, ही वेदना, इथे वेदना म्हणजे दुखणं नाही तर शरीरात जे जाणवतं ते. आणि मग 'आज सांगूनच टाकतो यांना', हा संस्कार, म्हणजे प्रतिक्रिया.

इतकी वर्षं मला वाटायचं की मी त्या माणसावर चिडतोय. पण मी चिडत होतो त्या छातीतल्या गरम पट्ट्यावर, तो सहन होत नव्हता म्हणून कुणालातरी दोषी ठरवायची घाई होती. आणि तो पट्टा जर काही न करता नुसता बघितला तर मिनिटभरात विरतो. मी घड्याळ लावून बघितलं नाही अर्थात, पण विरतो. तो विरल्यावर समोर फक्त एक म्हातारा माणूस उरला ज्याचा घसा खराब आहे.

संज्ञा बसणारच, ती मनाची सवय आहे, रस्ता क्रॉस करताना ट्रकला ट्रक म्हणायलाच पाहिजे. पण शिक्का आणि शिक्षा यांच्या मधे एक फट असते, ती फट दिसायला लागते. 'लोकांना जज करू नका' असं कुणीही कितीही सांगितलं तरी उपयोग होत नाही कारण ते डोक्याला सांगतात, आणि काम छातीत-जबड्यात झालेलं असतं.

6. दहावा दिवस: मंगल मैत्री, आणि मौन सुटतं

दहाव्या सकाळी मैत्री भावना शिकवतात. दहा दिवसांत जी काही शांती मिळाली ती सगळ्यांना वाटायची, ज्यांनी दुखावलं त्यांना माफ करायचं, ज्यांना आपण दुखावलं त्यांची माफी मागायची, सगळे सुखी होवोत. पहिल्या दिवशी हे सांगितलं असतं तर मी मनात हसलो असतो. दहाव्या दिवशी हॉलमध्ये बरेच जण रडत होते. मी रडलो नाही, पण घशाशी काहीतरी आलं आणि मलाच खाकरावं लागलं.

लगेच मौन सुटतं. बाहेर आलो तर डावीकडचे गृहस्थ समोर उभे, हात जोडून हसत. म्हणाले, "भाऊ, तुम्हीच ना ते विंडचीटरवाले? पहिले चार दिवस त्या चुरचुरीने मी निस्ता येडा झालो होतो. पाचव्या दिवशी सरांकडं जाऊन जागा बदलून मागणार होतो. मी तुमचं नाव चुरमुरे ठेवलं होतं!"

सिन्नरकडचे. पिठाची गिरणी आहे, तीस वर्षं. घशाचं विचारायची गरजच पडली नाही, त्यांनीच सांगितलं, पीठ जाऊन जाऊन असं झालंय, हॉलमध्ये लाज वाटायची, दाबायचा प्रयत्न करायचे तर अजून मोठं यायचं. तो 'विराम' म्हणजे ते दाबायचा प्रयत्न करत होते. आणि पोह्याची भरलेली ताटली? रात्री जेवण नाही म्हटल्यावर शुगरवाल्या माणसाने सकाळी खायचं नाही तर कधी. माझ्या फाईलमधलं एकही पान बरोबर नव्हतं.

टीप: मौन सुटल्यावर लोक दिवसभर अखंड बोलतात, डोकं दुखेपर्यंत. थोडं बोला, पण संध्याकाळची बैठक चुकवू नका, आणि 'मला असा प्रकाश दिसला, तुला काय दिसलं' या गप्पांपासून लांब राहा. तिथून परत तराजू सुरू होतो.

7. घरी आल्यावर: मैत्रीसाठी माणसं कुठल्या क्रमाने घ्यायची

सांगतात रोज सकाळी एक तास, संध्याकाळी एक तास. मी खरं सांगतो, सकाळचा तास धरून ठेवलाय, संध्याकाळचा आठवड्यातून दोनदा होतो. शेवटची पाच-दहा मिनिटं मैत्री. यात एक नियम लक्षात ठेवा, मन खवळलेलं असेल किंवा अंग नुसतं ठणकत असेल तेव्हा मैत्री करायची नाही, आधी श्वासावर येऊन शांत व्हायचं. दात-ओठ खात 'सुखी राहा' म्हणण्यात अर्थ नाही, बायकोने पकडलंय मला.

शिबिरात सगळ्यांना एकत्र मैत्री देतात. मला ते 'सर्व प्राणी सुखी होवोत' फार सोपं पडायचं, सर्व प्राणी माझ्या पार्किंगसमोर गाडी लावत नाहीत ना. मग मी जुना क्रम वापरायला लागलो. हा क्रम विसुद्धिमग्गात आहे, पाचव्या शतकात श्रीलंकेत बुद्धघोषांनी लिहिलेला ग्रंथ. गोव्यातल्या साखवाळच्या धर्मानंद कोसंबींनी या ग्रंथाचं देवनागरीत संपादन केलं, त्यामुळे आपल्याकडे तो अगदीच परका नाही. शिबिरात हा क्रम शिकवत नाहीत आणि दोन पद्धतींची भेसळ करू नका असंही सांगतात, त्यामुळे मी तो बैठक संपल्यावर वेगळा करतो. पटलं तर घ्या.

आधी स्वतः. 'मी सुखी असो, माझं वैर जावो.' मराठी मध्यमवर्गीय माणसाला इथेच अवघडल्यासारखं होतं, स्वतःसाठी कसं मागायचं. मागा. स्वतःवर डाफरणारा माणूस दुसऱ्यावर डाफरणार नाही हे शक्य नाही.

मग ज्यांच्याबद्दल आदर आहे असं जिवंत माणूस, माझ्यासाठी शाळेतल्या एक बाई. गेलेली व्यक्ती घेऊ नये असं त्यात स्पष्ट म्हटलंय, आणि जिच्याबद्दल शारीरिक ओढ वाटेल अशी व्यक्तीही घेऊ नये, कारण मैत्री कधी आसक्तीत सरकते कळत नाही. दीड हजार वर्षांपूर्वीची माणसं किती व्यवहारी होती बघा.

मग जिवलग मित्र, आणि त्यानंतर मधला माणूस, ज्याच्याबद्दल ना प्रेम ना राग. ही पायरी लोक पटकन उरकतात, मला मात्र सगळ्यात जास्त इथेच मिळालं. मी घेतला आमच्या 8.13च्या लोकलमध्ये समोर बसणारा एक माणूस, सहा वर्षं रोज बघतोय. डोळे मिटले तर चेहराच आठवेना. टिफिनची निळी पिशवी आठवली, तिचा एक बंद तुटलेला आणि गाठ मारलेली, पण वर चेहरा नाही. दुसऱ्या दिवशी गाडीत नीट बघितलं. डाव्या भुवईत खोक पडल्याची जुनी खूण आहे. सहा वर्षांत मी त्याला कधी जज केलं नव्हतं हे खरं, कारण तो माझ्यासाठी माणूस नव्हताच, सीट होता.

आणि शेवटी नकोसा माणूस. इथे शौर्य दाखवू नका. आयुष्यात सगळ्यात मोठा घाव ज्याने घातला त्याच्यापासून सुरुवात करायची नाही. दहापैकी तीन मार्कांचा राग असलेला माणूस घ्या. मी ॲक्टिव्हा काका घेतले. 'काका सुखी राहोत' जमेना, खोटं वाटायचं, मग बारीक केलं: 'काकांना आज रात्री झोप लागो.' तेवढं मनापासून म्हणता आलं. जमलं नाही तर मागे मधल्या माणसावर जा, परत स्वतःवर जा. वर-खाली करत राहायचं.

'गुन्हेगारांना पण मैत्री द्यायची का' हा प्रश्न हमखास येतो. 1994 मध्ये तिहार जेलमध्ये गोयंकांनी स्वतः हजाराहून जास्त कैद्यांचं शिबिर घेतलं, किरण बेदी तेव्हा तिथल्या आयजी होत्या. कुणाची शिक्षा माफ झाली नाही त्याने. दार बंदच होतं, आत बसलेल्यांना ध्यान शिकवलं.

8. फसण्याच्या जागा

- नवा अहंकार. शिबिरावरून आल्यावर पहिले पंधरा दिवस मी घरात सगळ्यांना 'तू प्रतिक्रिया देतोयस', 'हे तुझे संस्कार बोलतायत' असं सांगत फिरत होतो. मुलगी म्हणाली, "बाबा, आधीचा राग बरा होता." ध्यान न करणाऱ्यांना कमी लेखणं हे जुनंच दुकान आहे, फक्त पाटी नवी.

- करुणा म्हणजे गप्प बसणं नाही. काकांना मी जाऊन सांगितलं, गाडी दुसरीकडे लावा, मला काढताना त्रास होतो. फरक एवढाच की ग्रुपवर फोटो टाकून टोमणा मारला नाही आणि आवाज चढला नाही. दोन दिवस त्यांनी पलीकडे लावली, तिसऱ्या दिवशी परत तिथेच. परत सांगितलं. अजून सांगतोय. घरात किंवा ऑफिसात कुणी छळत असेल, हात उचलत असेल, तर मैत्री भावना करत सहन करत बसू नका, मदत घ्या, तक्रार करा.

- जवळचे शत्रू. विसुद्धिमग्गातच ही भारी कल्पना आहे, की द्वेष हा मैत्रीचा लांबचा शत्रू, तो ओळखू येतो, पण आसक्ती हा जवळचा शत्रू, तो मैत्रीच्याच कपड्यात येतो. करुणेचा जवळचा शत्रू म्हणजे शोक, दुसऱ्याचं दुःख बघून आपणच कोलमडणं. आणि उपेक्षेचा जवळचा शत्रू म्हणजे कोरडेपणा, 'मला काय त्याचं'. हा तिसरा मला चार महिने चिकटला होता आणि मी त्यालाच समता समजत होतो. ओळखायची खूण: माणसं आवडेनाशी झाली आणि त्याला तुम्ही शांती म्हणताय, तर गडबड आहे.

- चांगल्या अनुभवाची आठवण काढत बसणं. दुसऱ्या शिबिरात मी दहाही दिवस पहिल्या शिबिरातल्या त्या सहाव्या सकाळची वाट बघत बसलो. आली नाही.

9. फरक किती दिवसांत पडतो

अमेरिकेत बोस्टनमध्ये एक प्रयोग झाला होता, 2013 साली छापून आला. आठ आठवडे ध्यान शिकलेले काही लोक आणि न शिकलेले काही. एकेकाला वेटिंग रूममध्ये बोलावलं, तीन खुर्च्या, दोनवर प्रयोगवाल्यांचीच माणसं बसलेली, तिसरीवर हा बसतो. मग कुबड्या घेतलेली एक बाई कण्हत येते आणि आधीचे दोघं ढिम्म हलत नाहीत. ध्यान न केलेल्यांपैकी साधारण 16 टक्के लोक उठले, केलेल्यांपैकी निम्मे. प्रयोग छोटासाच, चाळीसच्या आसपास लोक, त्यावर फार इमले बांधू नका. पण उरलेले निम्मे आठ आठवडे ध्यान करूनही बसूनच राहिले, हे वाचून मला फार बरं वाटलं.

माझा हिशेब विचाराल तर शिक्का अजून बसतो, रोज बसतो, फक्त शिक्षा सुनावायला आधी शून्य सेकंद लागायचे, आता कधीकधी तीन श्वास लागतात. कधीकधीच. परवाच सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज टाईप केला होता, काकांचं नाव घेऊन, तिरकस, चांगला जमला होता. अंगठा सेंडवर होता तेव्हा कान तापल्याचं कळलं. मेसेज पुसला आणि फक्त 'ॲक्टिव्हा काढता का प्लीज, मला निघायचंय' एवढं त्यांनाच वेगळं पाठवलं. त्यांनी अंगठा पाठवला आणि वीस मिनिटांनी गाडी काढली. वीस मिनिटं!

बसणं मोडलं, आठवडा-दोन आठवडे गेले, तर परत दहा मिनिटांपासून सुरू करा, थेट तासावर जाऊ नका. गावात सामूहिक बैठक होते का बघा, आठवड्यातून एकदा चार लोकांत बसलं की गाडी रुळावर येते. शिबिर केलेल्यांसाठी गोराईच्या ग्लोबल पॅगोडात एक दिवसाचं शिबिर असतं, मधे एकही खांब नसलेला तो घुमट आहे, आत बसल्यावर कुणी खाकरलं तर अख्ख्या हॉलला ऐकू जातं.

खाकरण्यावरून आठवलं, सिन्नरच्या त्या गिरणीवाल्यांनी दहाव्या दिवशी माझा नंबर घेतला. तेव्हापासून, चार वर्षं, रोज पहाटे साडेचारला गुलाबाच्या फोटोवर 'शुभ सकाळ चुरमुरे भाऊ' येतं. मोबाईल उशाशी असतो आणि त्याची टिंग वाजते. म्यूट कसं करायचं मला माहीत आहे. अजून केलेलं नाही, नकोसा माणूस म्हणून सध्या तेच चालू आहेत.